गोठ्यातील नावे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसबाईंनी आज्ञा केली. मी काही विदुषी नव्हे. तेव्हा माझ्या सासूबाईंकडून ऐकलेल्या गोष्टीच आपल्यापुढे ठेवते.

आपल्यापैकी कित्येकजणी लवासात अलीकडे राहावयास आल्या, तर कित्येकींची घरे दासवे, मुगाव या बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांची आहेत. नव्यांना येथे डोंगर आणि पाणी दिसते. जुन्यांना पाण्याखालचे शिवारही दिसते.

आपले मोसे खोरे म्हणजे देशाची शेवटची हद्द. कडा उतरला की कोकण. सासूबाईंचे वडील दिवाळीनंतर पायवाटेने खाली जात आणि मीठ व सुकी मासळी डोक्यावर घेऊन वर येत. पुढे चाले मोती कुत्रा. मोती थबकला की सारेजण थबकत, कारण रानात वाघराचे भय होते. घाटाच्या तोंडाशी वाघजाईला नारळ ठेवल्याशिवाय कोणी पाऊल टाकीत नसे. आपल्या घाटवाटांवर ठिकठिकाणी वाघजाईची ठाणी आहेत, ती काही उगीच नव्हेत! ज्यांचा जीव गुराढोरांत गुंतलेला, त्यांनी वाघालाच देवीच्या हवाली केले.

आता ढवळीची गोष्ट. वरसगावच्या धरणात पाणी साठू लागले, तेव्हा सासूबाईंच्या घरच्यांनी वर उतारावर नवे खोपट बांधले. माणसे वर आली, गुरेही आली. पण ढवळी गाय तिन्हीसांजेला दावे तोडून खाली जुन्या गोठ्याकडे निघे आणि पाणी लागले की तेथेच उभी राही. तिला आणावयास रोज सासूबाई जात. त्या सांगत, "आज ढवळी कुठं उभी राहिली, त्यावरनं मला कळायचं काय बुडालं ते. आधी खळं गेलं, मग आंबा गेला, मग गोठा." गोठा बुडाला त्या संध्याकाळी ढवळी खूप वेळ हंबरली आणि मग आपण होऊनच माघारी वळली. हे सांगताना सासूबाईंचा आवाज कधी कापला नाही. हात मात्र पदराशी चाळा करीत असे.

भगिनींनो, पाण्यासाठी घर सोडण्याचा प्रसंग आपल्या तालुक्याला नवा नाही. १९२१ साली मुंबईला वीज देण्यासाठी मुळशीला टाटांचे धरण होऊ लागले, तेव्हा सेनापती बापटांच्या पुढारीपणाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. "जान किंवा जमीन" ही त्यांची घोषणा होती. त्यात बायाही मागे राहिल्या नाहीत. तरीही धरण झालेच. त्या विजेचा आणि आपल्या खोऱ्यातील पाण्याचा लाभ शहरांतील लक्षावधी घरांना झाला, हेही खरेच. परंतु ज्यांनी दिले त्यांची आठवण कोणी ठेवावयाची?

मोसे खोऱ्याचे देशमुख बाजी पासलकर यांचे नाव वरसगावच्या जलाशयाला दिले आहे. ते योग्यच झाले. शूरांची नावे अशी राहतात. पण ढवळीचे नाव सातबाऱ्यावर नसते, मोतीचे कोणत्याही दप्तरात नसते, आणि रोज पाण्याच्या काठी जाणाऱ्या सुनेचेही नसते. ती नावे फक्त म्हाताऱ्या बायांच्या तोंडी आहेत. माझ्या सासूबाई आता नाहीत. त्यांच्या गोठ्यात सात गुरे होती. मला त्यांतील चारांचीच नावे ठाऊक आहेत. उरलेली तीन आता कोणाला विचारू?

म्हणून माझी एक विनंती आहे. मंडळाने एक जाड वही घ्यावी. येत्या वसुबारसेपासून प्रत्येकीने आपल्या घरच्या किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या बाईजवळ बसून विचारावे: गोठ्यात कोण कोण होते, पाणी कोठून भरत, कोकणात कोणत्या वाटेने उतरत, माहेरी किती मुक्कामांनी पोचत. नागपूरहून आलेल्या भगिनीने आपल्या आजीच्या बैलजोडीबद्दल लिहिले तरी तेही आपलेच. अक्षर वाकडे आले तरी चालेल. नावे मात्र सगळी यावीत.