जीपखालचा माणूस



जुन्या विलीज जीपचा गिअरबॉक्स घरच्या अंगणात उतरवता येतो. मात्र क्रम सांभाळला पाहिजे. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नये; भक्कम घोड्या लावाव्यात. चारही चाकांना जोर देणाऱ्या या गाडीत पुढचा व मागचा असे दोन शाफ्ट असतात. ते आधी सोडवावेत. खालची आडवी पट्टी काढण्यापूर्वी इंजिनाला टेकू द्यावा, कारण मागचा भार तिच्यावरच असतो. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस ही जोडी सरळ मागे ओढावी. लोंबकळली तर क्लचची प्लेट वाकते. ते वजन छातीवर झेलण्याजोगे नाही.

कारखान्यांचा कायदा आपल्या अंगणात येत नाही. म्हणून एक गडी गाडीखाली असेल, तर दुसरा बाहेर उभा पाहिजे. संघटना याहून वेगळी काय असते?