पकड करणाऱ्याचा पेशा

हुतूतूचा सामना पाहून परतणाऱ्या मंडळींच्या तोंडी बहुधा एकाच गड्याचे नाव असते. एका दमात तीन गडी बाद करून जो मध्यरेषा ओलांडून आला, त्याचे. त्याच सामन्यात प्रतिपक्षाचा नामांकित खेळाडू चार वेळा रिकाम्या हाताने परत फिरलेला असतो. परंतु ते कोणामुळे घडले याची विचारपूस क्वचितच होते. चढाई डोळ्यांत भरते, बचाव भरत नाही. जे घडू दिले नाही त्याची कीर्ती गाणे कठीण, हेच त्याचे कारण होय. अशा या पाठीमागे राहिलेल्या गड्याच्या वाट्यास अलीकडे स्वतंत्र पेशा आला आहे. त्या पेशाचे मोल काय आणि त्याचे धोके कोणते, याचा विचार वऱ्हाडातील घरांनी अवश्य करावा.

अवश्य म्हणण्यास कारण आहे. या खेळाशी वऱ्हाडाचा संबंध जुना. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी स्थापिले. १९३६ मध्ये त्याच मंडळाचे पथक बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगी गेले आणि देशी व्यायामांबरोबर आपला हा खेळही तेथील प्रेक्षकांस दाखवून आले. त्या पिढीच्या दृष्टीने खेळ हा शरीरसंवर्धनाचा व शिस्तीचा मार्ग होता. त्यावर चरितार्थ चालवावा ही कल्पनाच कोणाच्या मनास शिवली नसती. पुढेही अनेक वर्षे उत्तम खेळाडूस मिळे ती रेल्वेतील, पोलीस खात्यातील अथवा बँकेतील नोकरी. खेळ नावाने हौशीच राहिला. २६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि हे चित्र पालटले. खेळाडूंची बोली लागू लागली, करार होऊ लागले. तेल्हारा तालुक्याच्या काळ्या मातीत गुडघे फोडून घेणाऱ्या मुलाचा खेळ आणि मुंबई-पुण्यास दिव्यांच्या लखलखाटात गाद्यांवर होणारा खेळ हे मूळचे एकच. पण दुसऱ्यास आता बाजारभाव आला.

या बाजारात पकड करणाऱ्यास जागा कशी मिळाली हे समजण्यासाठी त्याचे काम समजून घेतले पाहिजे. सात गडी अर्धवर्तुळ करून उभे असतात. दोन्ही टोकांना कोपरारक्षक, त्यांच्या आतल्या अंगास मध्यरक्षक. चढाई करणाऱ्यास तीस सेकंद मिळतात; कोणास स्पर्श झाला नाही तरी निदान रेषा ओलांडल्यावाचून त्याची चढाई ग्राह्य धरीत नाहीत. ही रेषा मध्यरेषेपासून पावणेचार मीटरांवर आहे. म्हणजे त्यास आत यावेच लागते. तो परत वळतो त्या निमिषात त्याचा मागचा पाय उघडा पडतो, आणि कोपऱ्यातील गडी त्याच्या घोट्यावर झेप घेतो. झेप अर्धा क्षण आधी पडली तर गुण प्रतिपक्षास जातो. अर्धा क्षण उशीर झाला तर सावज रेषेपार होते. शिवाय एकट्याने धरलेला घोटा निसटतो. कोपरारक्षकाने झेप घेताच शेजारचा मध्यरक्षक त्याच क्षणी धावून आला पाहिजे. तो येईलच, या विश्वासावर ही झेप घेतलेली असते. तेव्हा बचाव हा एकट्याचा पराक्रम नव्हे. तो सहवासाने आलेला परस्परविश्वास आहे.

नियमांनीही धीरास बक्षीस ठेवले आहे. लीगमध्ये सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण मिळवावाच लागतो. न मिळाल्यास चढाई करणारा बाद होतो. म्हणून हात न घालता उभे राहणे हीसुद्धा कला ठरते. मैदानात तीन किंवा त्याहून कमी गडी उरले असता पकड साधली, तर एकाऐवजी दोन गुण मिळतात. हीच अव्वल पकड.

या कलेचे मोल कसे चढले व कसे उतरले हे ज्याच्या चरित्रात स्पष्ट दिसते तो खेळाडू महाराष्ट्राचा नव्हे. तथापि त्याचे नाव झाले ते महाराष्ट्राच्या संघांतून. इराणच्या उत्तरेकडील गोरगान येथील फजल अत्राचली हा मूळचा कुस्तीगीर. २०१५ मध्ये तो मुंबईच्या यू मुंबा संघात आला, आणि त्याच वर्षी त्या संघाने विजेतेपद मिळविले. डावा कोपरा ही त्याची जागा आणि घोट्याची पकड हे त्याचे हत्यार. पुढल्या वर्षी तो विजेत्या पाटणा संघात होता. २०१८ मध्ये यू मुंबाने त्यास १ कोटी रुपये देऊन परत आणिले. लीगच्या बोलीत कोटीचा आकडा गाठणारा हा पहिला खेळाडू पकड करणारा निघाला, चढाई करणारा नव्हे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

त्याच वर्षी जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धांत भारतास याचा कडू प्रत्यय आला. १९९० पासून ओळीने सात सुवर्णपदके जिंकणारा भारतीय पुरुष संघ उपांत्य सामन्यात इराणकडून १८ विरुद्ध २७ गुणांनी हरला. फजल त्या इराणी संघात होता. आपल्याच अंगणात आपल्या गड्यांबरोबर खेळून पाहुण्याने विद्या हस्तगत केली होती. यात विषाद मानण्याचे कारण नाही. विद्या जो कष्टाने घेतो त्याची होते.

२०२२ मध्ये फजल पुणेरी पलटणचा कर्णधार झाला. अंतिम सामना जयपूरकडून २९ विरुद्ध ३३ असा थोडक्यात गेला. २०२३ मध्ये गुजरातच्या संघाने त्यास १ कोटी ६० लाख रुपये दिले. त्याच बोलीत पुण्याने त्याचाच देशबांधव, त्याहून तरुण असा बचावपटू मोहम्मदरेझा शादलू यास २ कोटी ३५ लाखांना घेतले आणि त्या हंगामाचे विजेतेपदही पटकाविले. पुढच्याच वर्षी फजलची किंमत ५० लाखांवर आली. पकडींचे पाचशे गुण प्रथम गाठणाऱ्या खेळाडूची ही गत! परंतु बाजाराने ठरविलेली किंमत आणि खेळाडूची योग्यता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. २०२५ मध्ये दिल्लीच्या संघाने विजेतेपद मिळविले, तेव्हा हाच अनुभवी गडी त्या संघात उभा होता.

हा अनुभव एका खेळापुरता नाही. थंड देशांत बर्फावर हॉकी खेळतात. तीत गोलरक्षकाच्या पुढे दोन बचावपटू असतात. कॅनडाचा बॉबी ऑर हा त्यांतील शिरोमणी. १९६६ मध्ये तो बॉस्टनच्या संघाकडून खेळू लागला. उत्कृष्ट बचावपटूचा मान त्याने सलग आठ वर्षे मिळविला, आणि १९६९-७० च्या हंगामात, स्वतः बचावपटू असून, साऱ्या लीगमध्ये गुणांत पहिला आला. पण त्याच्या गुडघ्यांवर पुनःपुन्हा शस्त्रक्रिया झाल्या, आणि १९७८ मध्ये, अवघ्या तिसाव्या वर्षी, त्यास खेळ सोडावा लागला. त्याहून दुःखाची गोष्ट निराळीच. बॉस्टनने त्यास संघाच्या मालकीत वाटा देऊ केला होता; ते त्याच्या प्रतिनिधीने त्यास कळूच दिले नाही, असे ऑरने पुढे सांगितले. मैदानावर ज्याने साऱ्यांचा बचाव केला, त्याच्या व्यवहाराचा बचाव करणारा कोणी नव्हता.

वऱ्हाडातील एखाद्या मुलाने उद्या या पेशाची वाट धरिली, तर घरच्यांनी त्यास अडवू नये. परंतु डोळे मिटून आशीर्वादही देऊ नये. हा पेशा दहा-बारा वर्षांचा. आयुष्य त्याहून लांब. शिक्षण पुरे व्हावे, गुडघ्या-खांद्याच्या दुखापतीवर वेळीच उपचार व्हावेत, करारातील प्रत्येक ओळ घरातील जाणत्या माणसाने वाचावी. कोपऱ्यातील गड्याची झेप शेजाऱ्याच्या भरवशावर असते. मैदानाबाहेर तो शेजारी होण्याचे काम घरच्यांचे आहे. आणि पुढल्या वेळी गावात सामना होईल तेव्हा किती गडी मारले एवढेच न विचारता, किती चढाया रिकाम्या परतविल्या, हेही विचारावे. गुणी बचावपटू अशा विचारपुसीनेच तयार होतात.