कॉम्प्टनचा गुडघा

गुडघ्याची वाटी हें केवळ झांकण नव्हे. पाय ताठ करतांना मांडीच्या स्नायूंना तिचा तरफेसारखा उपयोग होतो. ती गेली तरी पाय चालतो, पण त्यांतला जोर उणावतो. इंग्लंडचा फलंदाज डेनिस कॉम्प्टन याच्या गुडघ्याची वाटी शस्त्रवैद्यांनीं नोव्हेंबर १९५५ मध्यें काढली, तेव्हां तो सदतीस वर्षांचा होता.

दुखणें जुनें होतें. १९३८ सालीं फुटबॉलच्या सामन्यांत चार्लटनच्या गोलरक्षकाशीं टक्कर होऊन तो गुडघा दुखावला होता. तरीहि १९४५ मध्यें मुंबईच्या ब्रेबोर्न मैदानावर होळकर संघातर्फे त्यानें नाबाद २४९ धावा केल्या. पाहणाऱ्यांस या दुखण्याची शंकाहि आली नसेल! १९४७ सालीं तर ३८१६ धावा आणि १८ शतकें. पुढें मात्र गुडघा सुजूं लागला, शस्त्रक्रिया झाली, आणि १९५०-५१ च्या ऑस्ट्रेलियांतील चार कसोट्यांत मिळून अवघ्या ५३ धावा निघाल्या.

अशा दुखापतींतून उठणाऱ्या प्रौढ खेळाडूचा खरा झगडा असतो तो स्वतःच्याच पूर्वरूपाशीं. चपळ पावलांनीं पुढें सरसावून चेंडू टोलविणें हा कॉम्प्टनचा आनंद. वाटी गेल्यावर तो पूर्वीसारखा कोठून मिळणार? जें पाय देईनात, तें हात आणि नजर यांजकडून काढणें भाग होतें.

ऑगस्ट १९५६ मध्यें ओव्हलवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याला पुन्हां कसोटींत घेण्यांत आलें. पहिल्या डावांत त्यानें ९४ धावा केल्या. दुसऱ्यांत तो ३५ वर नाबाद राहिला.