डांबरी रस्ता संपतो तिथून पुढे

(वाटूर येथे मंडळीच्या उपकारस्तुतीच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाळकसाहेबांचा निरोप आला, "सिस्टर, यंदा विज्ञानाच्या प्रगतीवर बोला, तरुण मुलं बरीच येणार आहेत." मी साधी नर्स. माझी सगळी नोकरी सातपुड्याच्या पाड्यांवर गेली. रॉकेट आणि संगणक यांवर बोलायला तुमच्यातलीच मुलं माझ्यापेक्षा हुशार आहेत. म्हणून मी एकाच आजाराची आणि त्यावरच्या एका गोळीची गोष्ट सांगणार आहे. आजार तुमच्या ओळखीचा आहे, हिवताप, म्हणजे मलेरिया.

आज सकाळी वाटूर फाट्यावर एस.टी.तून उतरले आणि चहा घेतला. शेजारच्या आजोबांनी मोबाईल काढून चहावाल्याच्या काळ्या-पांढऱ्या चौकटीसमोर धरला आणि दोन कप चहाचे पैसे देऊन टाकले. याच जालन्यात बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली बियाण्यांची कंपनी सुरू केली आणि 1998 साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तेव्हा प्रगती म्हणजे काय, हे जालना जिल्ह्याला मी सांगायला नको. माझा प्रश्न वेगळा आहे. ही प्रगती कोणाकोणाच्या हातांतून येते, आणि कुठे येऊन थांबते?

ती थांबलेली मी एकदा डोळ्यांनी पाहिली आहे.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. पावसाळा होता. एका पाड्यावर चार वर्षांच्या मुलीला थंडी वाजून ताप आला. मी तिच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचेवर घेतला आणि तेव्हाच्या नियमाप्रमाणे क्लोरोक्विनच्या गोळ्या दिल्या. काच तपासणीला पाठवली. मधे दोन नाले, दोन्हींना पूर. तपासणीचा कागद परत आला तो नवव्या दिवशी. त्यावर फाल्सिपॅरम लिहिलं होतं, म्हणजे डोक्यात जाणारा हिवताप. मुलगी पाचव्या दिवशीच गेली होती. झटके आले, मग शुद्ध गेली, मग सगळं संपलं.

मी सांत्वनाला म्हणून गेले आणि, देवाने मला क्षमा करावी, तिच्या आईलाच बोलले. भगताकडे कशाला गेलीस म्हणून विचारलं. ती माउली शांतपणे म्हणाली, "बाई, भगत त्याच रात्री आला. तुमचा कागद नवव्या दिवशी आला."

या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते उत्तर शोधण्यात माझी पुढची वर्षं गेली.

आता जरा लांब जाऊ. हिवतापावरचं पहिलं खरं औषध कुठून आलं? दक्षिण अमेरिकेत अँडीज नावाचा पर्वत आहे. तिथल्या आदिवासींना सिंकोना झाडाच्या सालीचा गुण ठाऊक होता. सतराव्या शतकात जेझुइट पाद्र्यांनी तो त्यांच्याकडून समजून घेतला आणि साल युरोपात नेली. लोक तिला जेझुइटांची भुकटी म्हणत. तेव्हा कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांचं वैर इतकं, की काही प्रॉटेस्टंट मंडळी तापाने फणफणत असतानाही हे पोपवाल्यांचं औषध घ्यायला कचरत. आपण भगतांना हसतो, पण आपल्या पूर्वजांच्या श्रद्धाही कधीकधी औषधाच्या आड आल्या आहेत.

1820 साली पेलेतिए आणि कावांतू या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी त्या सालीतून क्विनाईन वेगळं काढलं. आपली जुनी माणसं त्याला कोयनेल म्हणत. मग सगळ्या जगाला सिंकोनाची झाडं हवीशी झाली. बोलिव्हियात मानुएल इंक्रा मामानी नावाचा एक आयमारा आदिवासी होता. कोणत्या झाडाच्या सालीत गुण जास्त, हे त्याला नजरेने कळे. 1865 साली त्याने अशा उत्तम झाडांचं बी गोळा करून चार्ल्स लेजर या इंग्रज व्यापाऱ्याला दिलं. ते बी डच लोकांनी विकत घेतलं, जावा बेटावर लावलं, आणि पुढे जगाला लागणारं बहुतेक क्विनाईन तिथून येऊ लागलं. मामानीचं काय झालं? बी बाहेर दिल्याबद्दल त्याला पकडून तुरुंगात टाकलं, मारहाण झाली, आणि त्यातच तो गेला. त्याच्या ज्ञानाने किती जीव वाचले याची मोजदाद नाही. पण त्याचं नाव आज पहिल्यांदा ऐकणारे इथे बरेच असतील.

आता आपल्या घराजवळ येऊ. औषध मिळालं तरी हिवताप येतो कुठून, ते कोणाला नक्की माहीत नव्हतं. दूषित हवेमुळे येतो असं धरून चालत. 20 ऑगस्ट 1897 रोजी रोनाल्ड रॉस या डॉक्टरांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू दिसला. कुठे? सिकंदराबादला. म्हणजे निजामाच्या राज्यात, ज्या राज्यात आपलं जालनाही होतं. हा शोध ज्या रुग्णाच्या रक्तावर लागला, त्याला चावणाऱ्या प्रत्येक डासामागे रॉस एक आणा देत. रॉस यांना 1902 साली नोबेल पारितोषिक मिळालं. अंग उघडं टाकून डास चावून घेणारा तो रुग्णही या शोधाचा वाटेकरी आहे, असं मी मानते.

पुढे जंतूही शहाणा झाला. क्लोरोक्विनला तो दाद देईना. त्या चार वर्षांच्या लेकीच्या बाबतीत तसंच झालं असावं. नव्या औषधाचा शोध चीनमध्ये चालू होता. 1967 साली तिथल्या सरकारने त्यासाठी एक गुप्त प्रकल्प सुरू केला. तू यूयू नावाच्या बाई त्यात काम करत. त्यांच्याकडे डॉक्टरेट नव्हती. त्यांनी जुन्या वैद्यकाच्या पोथ्या चाळल्या. चौथ्या शतकातल्या गे हाँग या वैद्याने लिहून ठेवलं होतं, की अमुक एक झुडूप पाण्यात भिजवून, पिळून, तो रस तापावर द्यावा. हे झुडूप म्हणजे आपल्याकडच्या दवण्याच्या कुळातलंच एक. तू यूयूंच्या लक्षात आलं, की यात उकळायला सांगितलेलं नाही. म्हणजे आपण उष्णता देतो तिथेच गुण नष्ट होत असेल. त्यांनी कमी उष्णतेवर अर्क काढला आणि तो लागू पडला. लोकांना देण्याआधी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. त्यातून आर्टेमिसिनिन मिळालं. 2015 साली त्यांना नोबेल मिळालं. कोणी घरी दवण्याचा काढा करू नका हं! झुडूप वेगळं आहे आणि औषध शुद्ध करूनच घ्यायचं असतं.

तर मुलांनो, या एका गोळीच्या मागे अँडीजचे आदिवासी आहेत, पाद्री आहेत, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आहेत, सिकंदराबादचा रुग्ण आहे आणि सोळाशे वर्षांपूर्वीचा चिनी वैद्य आहे. कोणत्याही एका समाजाने हे एकट्याने केलेलं नाही. म्हणून "आम्ही पुढारलेले, ते मागासलेले" हे बोलताना जीभ जरा आवरावी.

पण इतका लांबचा प्रवास करून आलेली गोळी शेवटी त्या दोन नाल्यांपाशी अडते. अर्ध्या पृथ्वीचा प्रवास होतो आणि पाच कोस राहून जातात.

2010 च्या सुमारास आमच्याकडे दोन गोष्टी बदलल्या. एक, रक्ताची झटपट तपासणी आली. बोटातला एक थेंब पट्टीवर टाकायचा, वरून औषधाचे थेंब सोडायचे, आणि पंधरा-वीस मिनिटांत रेघा दिसतात. काच पाठवायला नको, कागदाची वाट पाहायला नको. दुसरी गोष्ट, आर्टेमिसिनिनवर आधारलेल्या तीन दिवसांच्या गोळ्या आल्या. त्या वयाप्रमाणे वेगवेगळ्या रंगांच्या पाकिटांत येतात, म्हणून वाचता न येणाऱ्या आईलाही ओळखता येतात. आणि हे सगळं पाड्यावरच्या आशाताईच्या पिशवीत मावतं.

त्याच पाड्यावरची आशाताई मला म्हणाली, "सिस्टर, हे किट मी पत्र्याच्या खोलीत ठेवणार नाही. उन्हाळ्यात तिथे हात भाजतो. माझ्या सासूच्या कुडाच्या घरात ठेवते." डब्यावरही थंड जागी ठेवा असंच छापलेलं होतं. तिने डबा वाचण्याआधी घर ओळखलं होतं.

मच्छरदाणीने तर माझी चांगलीच फजिती केली. औषध लावलेल्या मच्छरदाण्या आम्ही घरोघर वाटल्या. महिन्याने पाहते तर निम्म्या आढ्याला गुंडाळून ठेवलेल्या, एकीत मासे धरलेले! मी रागावले. एक म्हातारी आजी म्हणाली, "बाई, पीक उभं असताना आम्ही घरात निजतो कुठे? डुकरं राखायला शेतातल्या माळ्यावर असतो. तिथे हे बांधायचं कशाला?" इतकी वर्षं मी त्या पाड्यांवर जात होते, पण दिवसा. लोक रात्री कुठे झोपतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात आम्ही आधी माळ्यावर चार बांबू रोवले आणि मग मच्छरदाण्या दिल्या.

हे फक्त आमच्याकडेच घडलं असं नाही. जामखेडला 1970 साली काम सुरू केलेल्या डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या आपल्याच ख्रिस्ती दांपत्याने गावातल्या निरक्षर बायांना आरोग्याचं शिक्षण दिलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी बाळाचा न्यूमोनिया ओळखण्यासाठी मण्यांचं साधं साधन वापरात आणलं. एक मिनिटाची वाळू खाली पडेपर्यंत दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. शंभरापर्यंत मोजता न येणारी दाईसुद्धा त्याने निदान करू शकते. तिथल्या 39 गावांत बायांनी घरोघर जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली, तेव्हा नवजात बालमृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. ते संशोधन 1999 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

आता थोडं स्पष्ट बोलते. रागावू नका. देणगीदार मंडळींना यंत्र द्यायला आवडतं. यंत्रावर नाव घालता येतं, फोटो निघतो. मी एके ठिकाणी उत्तम सूक्ष्मदर्शक पाहिला आहे. वर्षानुवर्षं तो कापडाखाली झाकलेला होता, कारण तो चालवणारं माणूस तिथे टिकत नव्हतं आणि वीजही भरवशाची नव्हती. देणाऱ्याचं मन मोठं होतं, यात शंका नाही. पण ज्यांच्यासाठी दिलं, त्यांना कोणी विचारलं नव्हतं. पाड्यावरच्या बाईचं प्रशिक्षण, तिचं प्रवासभाडं, पावसाळी बूट, बॅटरी यांचा फोटो चांगला येत नाही. पण गोळी नाला ओलांडते ती या बुटांवर.

देवाने मोशेला पाठवलं तेव्हा त्याच्या हातात काय आहे, हे आधी विचारलं. मेंढ्या वळायची काठी होती. देवाने त्या काठीपासूनच सुरुवात केली. आपण पाड्यावर जातो तेव्हा त्यांच्या हातात काय आहे, हे विचारायला विसरतो. मीही विसरले होते.

तरुणांनो, तुम्ही इंजिनियर व्हा, संशोधक व्हा. पण जे कराल ते डांबरी रस्ता संपतो तिथून पुढे चालेल का, हे एकदा तिथे मुक्काम करून पाहा. वडीलधाऱ्यांनो, यंदाच्या अर्पणातला काही वाटा बायांच्या प्रशिक्षणासाठी वेगळा काढावा, अशी माझी विनंती आहे. 2030 पर्यंत देशातून हिवताप घालवायचं सरकारने ठरवलं आहे. तो जाईल तो सगळ्यात शेवटी आदिवासी पाड्यांतूनच जाईल, कारण तिथे पोहोचायलाच सर्वांना उशीर होतो.

त्या मुलीची आई अजून आहे. गेल्या खेपेला गेले तेव्हा तिच्या नातवाला ताप होता. आशाताईने रक्त तपासलं. हिवताप निघाला. पहिली गोळी त्याच संध्याकाळी पोटात गेली. तिसऱ्या दिवशी पोर अंगणात कोंबडीमागे पळत होतं. ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "बाई, आता तुम्ही भगताच्या आधी येता."

आमच्या कामासाठी प्रार्थना करा, आणि त्या आशाताईंची नावं आपल्या प्रार्थनेत घ्या. प्रभू तुम्हां सर्वांना आशीर्वाद देवो.