पाण्यात म्हैस, बाहेर मोल



पाण्यात बसलेल्या म्हशीचं मोल बाहेर उभं राहून करू नये, असं आपली म्हातारी माणसं सांगायची. मोबाईलवर दिसणाऱ्या जुन्या गाडीचंही तसंच आहे. आमच्या बचत गटातल्या तिघींच्या घरी सध्या जुनी गाडी घ्यायचं चाललंय. एकीला सासऱ्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायचंय. पैसा कुणाचा गटाच्या कर्जाचा, कुणाचा गहाण ठेवलेल्या दागिन्यांचा. तो बुडाला तर पुन्हा उभा राहणार नाही. म्हणून आम्ही सगळ्यांनी मिळून जी माहिती काढली, ती आज सांगणार आहोत.

आधी फसवणूक कशी होते ते ऐका. गाडी छान, किंमत बाजारापेक्षा निम्मी. विकणारा म्हणतो, "मी फौजेत आहे, बदली झाली, म्हणून घाईत विकतोय." गणवेशातला फोटो आणि ओळखपत्रही पाठवतो. जवानावर आपला विश्वास असतो, त्याचाच हा फायदा घेतात. मग थोडा इसार मागतात, नंतर वाहतुकीचा खर्च, मग कसला तरी कर. गाडी ट्रकवर चढवल्याची पावतीसुद्धा येते, गाडी मात्र येत नाही. कुणी म्हणेल, "इसार परत करतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका." लक्षात ठेवा, पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात.

आता पहिलं काम, नंबर तपासणं. जमीन घेताना आपण सातबारा बघतो. गाडीचा सातबारा म्हणजे आरसी. सरकारच्या एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची मुदत दिसते. मालकाच्या नावाची काही अक्षरं झाकलेली असतात, पण जुळतं का ते कळतं. गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, तेही बघा. बोजा असेल तर बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्र आणि फॉर्म 35 मिळाल्याशिवाय पुढं जाऊ नका. थकलेली ई-चलनंही तपासा.

दुसरं काम, गाडी डोळ्यांनी बघणं. आपल्याला जाता येत नसेल तर त्या शहरातल्या नातेवाइकाला ओळखीचा मेकॅनिक घेऊन पाठवा. त्याचे पैसे द्यावे लागले तरी द्या. आरसीवरचा चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघायला सांगा. इंजिन थंड असताना चालू करायला लावा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायला सांगा. खालच्या पट्ट्यावर चिखलाचा डाग असेल, आत कुबट वास येत असेल, तर गाडी पुरात बुडालेली असू शकते. 2019 चा कोल्हापूर-सांगलीचा पूर आपण विसरलेलो नाही.

दिल्लीकडच्या गाड्या स्वस्त का दिसतात, असं गटात एकीनं विचारलं. तिकडं न्यायालयाच्या आदेशांमुळे 10 वर्षांवरच्या डिझेल आणि 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आले. अशी गाडी आणायची तर तिथल्या आरटीओची एनओसी लागते, म्हणजे फॉर्म 28. शिवाय इथं महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तो किती होईल, हे आपल्या आरटीओत आधीच विचारा. सगळं धरून बेरीज केली की बऱ्याचदा ती गाडी स्वस्त राहत नाही.

तिसरं काम, कागद. मूळ आरसी, विमा, पीयूसी, विकणाऱ्याच्या सहीचे फॉर्म 29 आणि 30, आणि दोन्ही चाव्या हातात घ्या. पैसे त्याच वेळी द्या, आणि आरसीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच बँक खात्यात भरा. "भाच्याच्या खात्यावर टाका" म्हणाला, तर व्यवहार तिथंच थांबवा. गाडी घरी आली की विमा 14 दिवसांत आणि आरसी 30 दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. कागद जुन्या मालकाच्या नावावर राहिले, तर अपघात झाल्यावर भरपाईसाठी दोन्ही घरांना हेलपाटे पडतात.

एवढं करूनही कुणी फसलीच, तर लाजून गप्प बसू नका. घरचे काय म्हणतील, या भीतीनं दोन दिवस गेले की पैसा पुढच्या खात्यांत पसरतो. लगेच 1930 वर फोन करा. पुन्हा सांगतो, एक नऊ तीन शून्य. सोबत बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम गोठवली जाण्याची आशा जास्त.

कुणी घाई करायला लागला, "दुसरं गिऱ्हाईक उभं आहे" म्हणाला, तर खुशाल त्याला देऊ द्या. गाड्या पुष्कळ आहेत. आधी नंबर, मग गाडी, मग कागद आणि सगळ्यात शेवटी पैसा, हा क्रम शेजारणीलाही सांगा.