हातांतील यंत्र आणि मदतीचा हात



चार वर्षांपूर्वीं आमच्या शेजारची एक बधिर तरुणी रडत माझ्याकडे आली. तिची ने-आण करणारा नातलगच तिच्या मोबाइलमधील निरोप चोरून वाचीत असे, ती कोठें आहे हें पाहात असे, आणि वाच्यता केलीस तर तुझीं छायाचित्रें चारचौघांत दाखवीन, अशी धमकी देत असे. जन्मभर मास्तरकी केलेला मी! तत्काळ म्हणालों, "तो मोबाइल टाकून दे." तिनें माझ्याच वहींत लिहिलें, "मग मी बोलूं कशानें?"

त्या प्रश्नानें माझीच शिकवणी झाली. त्या यंत्रावर ती खुणांच्या भाषेंत मैत्रिणींशीं बोलत असे. अंध स्त्रीला तेंच यंत्र पत्र वाचून दाखवितें. तें काढून घेणें म्हणजे चोराला मोकळें सोडून घरधन्याला कोंडणें होय.

२०११ च्या जनगणनेंत भारतांत सुमारें १ कोटि १८ लक्ष दिव्यांग स्त्रियांची नोंद झाली. अशा स्त्रियांना साहाय्य करणाऱ्या परिचारिका, विशेष शिक्षिका व समाजसेविका यांना केवळ शुश्रूषा शिकवून भागणार नाहीं. तिच्याशीं एकान्तांत बोलावें, हा पहिला धडा. कारण तिच्या वतीनें बोलणाराच पुष्कळदां छळणारा असतो. धमकीचे निरोप पुसूं नयेत. तो पुरावा आहे. परवलीचा शब्दहि घाईनें बदलूं नये. छळणारा सावध होऊन चवताळेल; आणि उद्यां तिला औषध कोण देणार, याची तजवीज आधीं हवी. आणि प्रत्येक पाऊल तिच्या संमतीनेंच टाकावें.

कायदाहि ठाऊक असावा. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमान्वयें स्त्रीच्या इंटरनेटवरील व्यवहारावर पाळत ठेवणें हा गुन्हा आहे. अशा गुन्ह्यांत दिव्यांग स्त्रीची फिर्याद पोलिसांनीं तिच्या घरीं किंवा तिला सोयीच्या ठिकाणीं, दुभाषी अथवा विशेष शिक्षकाच्या समक्ष नोंदवून घ्यावी, असें भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचें १७३ वें कलम सांगतें. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणें छळाची वर्दी कोणीहि कार्यकारी दंडाधिकाऱ्यास देऊं शकतो. १८१ हा महिलांच्या साहाय्याचा दूरध्वनि क्रमांक आहे.

त्या तरुणीला पुढें एक जाणती विशेष शिक्षिका भेटली. मोबाइल आजहि तिच्याच हातांत आहे. त्याचा परवलीचा शब्द तिच्यावांचून कोणास ठाऊक नाहीं. मींहि तो विचारलेला नाहीं.