देवनहळ्ळीचे छोटे विमान

पेट्रोल इंजिनावर चालणाऱ्या, रेडिओ-नियंत्रित मोठ्या प्रतिकृती विमानाचा संच उघडला, की प्रथम हाती येते ते बाल्सा लाकूड. बहुधा इक्वेडोरमधून आलेले. त्याच्या फासळ्या काटकोनात चिकटवणे, सर्व्हो मोटारी बसवणे यांत कित्येक आठवडे जातात. गुरुत्वमध्य पंखाच्या पुढील कडेपासून, रुंदीच्या साधारण २५ ते ३० टक्क्यांवर साधावा लागतो. तो फार मागे सरकला, की विमान हाताबाहेर गेलेच म्हणून समजा! हे शिक्षण वर्गात मिळत नाही.

देवनहळ्ळीत खरी अडचण जुळणीनंतर येते. २००८ मध्ये येथे विमानतळ सुरू झाला; पुढे जवळच एरोस्पेस पार्क आले. विमानतळाभोवती परवानगीविना असे विमान उडवता येत नाही, आणि ते योग्यच आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी शिक्षण व छंदासाठीच्या, २५ किलोपर्यंतच्या प्रतिकृतींना प्रकार-प्रमाणपत्रातून सूट दिली. पण उडवायचे कोठे? उद्योगांसाठी जमीन संपादन करणाऱ्या शासनाने विमानतळापासून पुरेशा अंतरावर दोनशे मीटरची एक सपाट पट्टीही राखून ठेवावी, असे मला वाटते. एखाद्या कौशल्य-केंद्राच्या इमारतीपेक्षा ती खचितच स्वस्त पडेल.